दुसऱ्या दिवशीचं उत्तर

त्या गावात मोठी गोष्ट विचारली तर त्याच दिवशी उत्तर मिळत नसे. ही रीत मला पहिल्याच दिवशी कळली, आणि तीही माझ्याच भैताडपणामुळे.

मी सिंदेवाहीकडचा, धानकऱ्याच्या घरातला. व्हर्नाक्युलर फायनल पास झालो, मास्तरकी मिळाली आणि गडचिरोलीहून दीड दिवसाच्या पायवाटेवरच्या एका गोंड गावात मला धाडलं. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर गवत. पोचलो त्याच दुपारी मी गाव गोळा केलं आणि मोठ्या तोऱ्यात विचारलं, "पोरं शाळेत पाठवाल ना?" चाळीसेक माणसं माझ्याकडे बघत बसली. कोणी हूं की चूं केलं नाही. मी पुन्हा विचारलं, या खेपेस ओरडून. एकानं तंबाखू मळला, दुसऱ्यानं त्यातला मागितला, मग सगळे उठून आपापल्या घरी गेले. मी कपाळावर हात मारून घेतला. कुठी येऊन पडलो रे बाप्पा!

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारात गायता उभा. गायता म्हणजे गावचा पुजारी, गावाचा पहिला शब्द त्याचा. त्याच्यामागे अकरा पोरं, अंघोळ घालून आणलेली. तो म्हणाला, "काल तू इचारलं. आज सांगतो. आता अकरा येतीन. बाकीचे ढोरं राखतेत. धान निंघाले का मग पाहू." एवढं बोलून तो वळला आणि गेला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी सरकारला शेकडो पत्रं लिहिली, पण इतकं सरळ उत्तर मला एकाही कचेरीतून आलं नाही.

(ही सगळी बोलणी गोंडीतली. मी ती पुढे शिकलो; पहिल्या दिवसांत बाजारहाटापुरती मराठी येणारा गावातला एक जण इकडचं तिकडे समजावून सांगायचा. इथे आपल्या झाडीच्या बोलीत लिहितो आहे, कारण ती माणसं माझ्या कानात तशीच बोलतात.)

रीत अशी होती. विचारणाऱ्यानं विचारायचं आणि गप्प बसायचं. ऐकणाऱ्यांनी तो प्रश्न घरी न्यायचा. शेतावर गेलेल्याला, चुलीपाशी बसलेल्या बाईला, खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याला सांगायचा. मग गोटुलापुढच्या अंगणात, म्हणजे गावाच्या बसण्याच्या जागी, सगळ्यांनी पुन्हा जमायचं. सर्वांत जुन्या घरानं आधी बोलायचं, मग एकेकानं. ज्याला काही म्हणायचं नाही त्यानंही उठून "मले काई म्हणाचं नाई" असं म्हणायचं. एकाचा जरी नकार राहिला तरी बैठक मोडायची नाही. विचारल्याबरोबर तोंडावर उत्तर फेकणारा माणूस तिथे उथळ समजत. सोयरीक विचारायला आलेल्या पाहुण्याला जर त्याच दिवशी "हो" म्हटलं, तर पाहुणाच घाबरायचा, की पोरीत काही खोट आहे की काय.

शाळेच्या शेजारी एक म्हातारी राहायची. नवरा कधीच गेलेला, मूल नाही. तिचं घर गावात सर्वांत जुनं, म्हणून बैठकीत पहिलं बोलायचा मान तिचा. मी तिला बाई म्हणायचो, ती मला गुरुजी म्हणायची आणि अरेतुरे करायची. पहिल्या पावसाळ्यात मला ताप भरला तेव्हा आठ दिवस तिनंच आंबील पाजली. वर रोज शिव्या. "एवढं शिकला अन पानी उकडून पेवाले नाई शिकला? काय कामाचं तुह्यं पुस्तक?"

पूर्वेच्या उतारावर तिची चार मोहाची झाडं होती. तिची म्हणजे कागदावरची नव्हेत. त्या गावात प्रत्येक मोहाचं झाड कोणत्या घराचं हे लहान पोरालाही ठाऊक होतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नसे, मग ते कुजून जावो. म्हातारीला ती झाडं सासूकडून आलेली, सासूला तिच्या सासूकडून. शेत तिच्याजवळ नव्हतं. चैतात मोह वेचायचा, वाळवून ढोलीत, म्हणजे बांबूच्या कणगीत, भरायचा. आषाढापासून दिवाळीपर्यंत, घराघरांतलं धान्य सरलेलं असतं त्या दिवसांत, तोच शिजवून खायचा. उरलेला बाजारात देऊन मीठ आणि वर्षाचं एक लुगडं घ्यायचं. चार झाडांवर म्हातारीचा जीव होता, आणि हे मी म्हणायचं म्हणून म्हणत नाही. ती झाडं नसती तर ती मेलीच असती.

आता मुख्य गोष्ट. जमीनदाऱ्या गेल्या त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतली. जमीनदाराचं जंगल सरकारजमा झालं होतं आणि कोणतं जंगल राखीव करायचं, कोणत्या गावाचा निस्तार कुठे ठेवायचा हे ठरवायला साहेब गावोगाव फिरत होते. निस्तार म्हणजे सरपण, बांबू, मोह, चराई, गावाचं जंगलावर जे रोजचं भागतं ते सगळं. कायदा असा, की ठरवण्याआधी गावाला विचारायचं. हो, विचारायचं! कागदावर तसं स्पष्ट होतं. म्हणूनच माझं रक्त आजही उकळतं. न विचारता घेतलं असतं तर निदान चोरी तरी म्हणता आली असती.

पौषात साहेबांचा तळ आमच्यापासून कोसभरावर नाल्याकाठी पडला. दोन तंबू, चार बैलगाड्या, घडीचं टेबल, चिनीमातीच्या कपबश्या. साहेब नागपूरकडचे, बोलायला गोड. कारकुनाला हिवताप चढलेला, म्हणून मला निरोप आला, मास्तरनं लिहायला आणि दुभाष्याचं काम करायला यावं. मला वाटलं, व्वा! साहेबाच्या टेबलाला बसायचं. धुतलेला सदरा घालून गेलो. आज त्या सदऱ्याचीही चीड येते.

सकाळी गोटुलापुढे गाव जमलं. पुरुष पुढे, बायका मागे कुडाजवळ. साहेबांनी कागद वाचला. मी गोंडीत सांगितलं, आणि नीट सांगितलं, त्यात मी चूक केली नाही. पूर्वेचा डोंगर आणि उतार सरकार राखीव करणार. तिथून मोह, सरपण, बांबू आणायचा नाही, ढोरं न्यायची नाहीत. गावाची हरकत असेल तर बोलावं.

गाव गप्प.

बोलणार कसं? प्रश्न आत्ता कुठे आला होता. गायत्यानं मान खाली घातली होती, म्हणजे तो शब्द न् शब्द मनात साठवत होता. म्हातारी मागे कुडाला टेकून साहेबाकडे टक लावून बसली होती.

साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी घड्याळ काढलं आणि हसून म्हणाले, "काय मास्तर, मुके आहेत का सगळे?"

मी म्हटलं, "नाही साहेब. यांची रीत आहे. मोठ्या गोष्टीचं उत्तर त्याच दिवशी देत नाहीत. दोन दिवस थांबलात तर बैठक करून सांगतील."

"दोन दिवस!" साहेब म्हणाले. "मास्तर, माझ्या यादीत अजून बरीच गावं आहेत. प्रत्येकाच्या रीती सांभाळत बसलो तर जन्म जाईल. मी तीनदा विचारलं. तुम्ही साक्षीला आहात. कोणी हरकत घेतली का?"

"नाही, पण..."

"मग लिहा. गावकरी हजर. मजकूर समजावून सांगितला. हरकत नाही."

आणि मी लिहिलं.

माझं अक्षर चांगलं होतं. शाळा तपासायला येणारे त्याची तारीफ करायचे. त्या चांगल्या अक्षरात मी लिहिलं, "हरकत नाही", आणि खाली रेघ मारली. माझा हात कोणी धरला नव्हता. "साहेब, हे मी लिहू शकत नाही" एवढं म्हणायला काय जात होतं? नोकरी जात होती, दुसरं काय! घरी म्हातारे आईबाप, धाकट्या बहिणीचं लग्न, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. म्हातारीची चार झाडं मात्र आली नाहीत.

मग अंगठे. साहेब म्हणाले, "सांगा त्यांना, हजेरीचे आहेत." मी सांगितलं. लोक एकेक करून आले, शाईत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला आणि धोतराला पुसला. गायत्यानं मला विचारलं, "हे काऊन?" मी म्हटलं, "तुमी आज आलते म्हणून." खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. अर्धं खोटं सगळ्यांत वाईट, कारण ते बोलताना जीभ अडखळत नाही.

म्हातारी उठून पुढे आली. तिला वाटलं, तिचं घर सर्वांत जुनं, तिचा अंगठा पहिला हवा होता. साहेब म्हणाले, "बायांचे नकोत." ज्या बाया चैतभर त्या उतारावर कंबर मोडेस्तोवर वाकतात, त्यांना विचारायचंच नव्हतं. म्हातारी उभीच राहिली. मी नजर चुकवून शाईची बाटली बंद करायला लागलो.

दुपारी तळ उठला.

त्यानंतर दोन दिवस गाव बसलं. मीही बसलो, एका बाजूला. म्हातारीनं सुरुवात केली, "झाडं तोडून नेतो म्हणत नाई तो. झाडं तिथीच ठेवून आपल्यालेच काढतो म्हणते." मग एकेक जण उठला. म्हातारीचा पुतण्या म्हणाला, सरकार मोठं आहे, त्याच्याशी कशाला लागायचं, देऊन टाकू. एकट्याचा तो शब्द, पण रीत म्हणजे रीत, अर्धा दिवस त्याच्यासाठी खर्ची पडला. कोणी त्याच्यावर ओरडलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "डोंगराचा बांबू सरकारले देऊ. पर उतार नाई." आणि तेच गावाचं उत्तर ठरलं. ऐकताय ना? नुसतं "नाही" नव्हतं ते. डोंगर घ्या, त्यावरचा बांबू घ्या, मोहाचा उतार गावाला राहू द्या. याहून शहाणं उत्तर कोणत्या विधानसभेनं दिलं असतं?

तिसऱ्या दिवशी पाच माणसं नाल्याकाठी गेली. तिथे खुंट्यांची भोकं आणि चुलीची राख. बैलगाड्यांच्या चाकोरीवरून ती पुढच्या गावाला गेली, तिथूनही साहेब निघालेले. त्याच्या पुढच्या गावाला गेली. चार दिवसांनी पाय सुजवून परत आली. गायता माझ्याकडे आला. "तू साहेबाजवळ लिहित होता ना? आता हे लिही."

मी लिहिलं. खाली पुन्हा अंगठे घेतले, या वेळी बायांचेही, म्हातारीचा सगळ्यांत वर. आणि कागद घेऊन दीड दिवस चालत गडचिरोलीला गेलो. वाटेत मला स्वतःचा मोठा अभिमान वाटत होता, हे सांगितलं पाहिजे.

कचेरीतल्या बाबूनं कागद वाचला. मग दप्तराचा बस्ता सोडला, आमच्या गावाचं पान काढलं, माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"अन हे?" त्यानं नवा कागद दाखवला.

"तेही माझंच."

"मग मास्तर, कोणतं खरं समजावं?" तो खो-खो हसला. शेजारचे दोघेही हसले. वर शहाणपण शिकवलं, "गावाले इचारलं, गाव बोललं नाई, गोष्ट खतम. अन तुमी सरकारचे मानूस. हे असले धंदे कायले करता जी?" नवा कागद त्यानं परत माझ्या हातात दिला. ठेवून घेतला असता तर त्याची नोंद करावी लागली असती.

गावात परतल्यावर मी सांगितलं, "मुदत संपली म्हणतात." माझ्या अक्षराचं बोललो नाही. गायत्यानं तो परत आलेला कागद हातात घेतला. "आमी तर दुसऱ्याच दिवसापासून बसलो होतो," म्हणाला. मी मान खाली घातली.

माघात उताराच्या कडेनं दगड रोवले, झाडांवर चुन्याचे पट्टे ओढले. म्हातारीची चारही झाडं पट्ट्याच्या आत गेली. गाव बिचकलं, पण फूल गळेपर्यंत कोणाला ते खरं वाटलं नाही.

चैत लागला. म्हातारीनं दरवर्षीप्रमाणे झाडांखालचा पालापाचोळा झाडून जागा लख्ख केली आणि पहाटे टोपली घेऊन गेली. टोपली भरत आली होती तेव्हा नाकेदार आला. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, नवाच बदलून आलेला. त्यानं टोपली उपडी केली, फुलं बुटानं तुडवली आणि विचारलं, "कोणाले इचारून आली वो?"

म्हातारीनं उत्तर दिलं नाही. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन घरी आली. मी आपला शाळेत पाढे म्हणवून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तीन कोस चालत नाक्यावर गेली. सोबत पुतण्या होता, त्यानंच मला पुढचं सांगितलं. नाकेदार खाटेवर चहा पीत होता. म्हातारी त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "काल तू इचारलं, कोणाले इचारून आली. आज सांगतो. मी माह्या सासूले इचारून आली. तिनं हे झाडं मले देल्ले. तिले तिच्या सासूनं देल्ले. आता तू सांग, तू कोणाले इचारून आला?"

आज नको सांगू, असंही ती म्हणाली. उद्या सांग. मी उद्या येतो.

नाकेदार हसून हसून लोळला. मग म्हणाला, "आमी? आमी तुमच्याच गावाले इचारून आलो वो म्हातारे. गावानं अंगठे देल्ले. तुमच्या गुरुजीनंच तर लिहून देल्लं, हरकत नाई म्हणून. जा, इचार त्याले."

संध्याकाळ व्हायच्या आत म्हातारी शाळेच्या दारात आली. सहा कोस चाललेली, पायांवर लाल धूळ. पोरं सुटली होती. मी फळा पुसत होतो. ती आत आली नाही. दारातूनच विचारलं, "गुरुजी, आमची रीत तुले मालूम होती. तू आमच्यात बसला, आमच्यात जेवला. मग तू काऊन लिहिलं?"

आणि मी तिथल्या तिथे उत्तर दिलं! भडाभडा बोललो. साहेबांनी सांगितलं, मी सांगितलं होतं त्यांना थांबा म्हणून, त्यांनी ऐकलं नाही, माझी नोकरी, माझे आईबाप, माझी बहीण, मी लहान माणूस, माझ्या हातात काय होतं, मी गडचिरोलीलाही गेलो होतो ना, दीड दिवस चालत. एका दमात सगळं. बोलता बोलता मलाच ऐकू येत होतं, की यातलं एकही वाक्य तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. ओरडली नाही, रडली नाही. शिवी दिली असती तर मी तिचे पाय धरले असते.

"घाईनं बोलला," ती म्हणाली. "उद्या ये. मी घरीच राहीन."

तिचं घर शाळेपासून तीस पावलांवर होतं. दुसऱ्या दिवशी ती दारापुढे सारवून, घोंगडी टाकून बसली होती. सोयरीक विचारायला आलेल्या पाहुण्यासाठी टाकतात तशी घोंगडी. मी शाळेच्या कुडाच्या फटीतून पाहिलं. दुपार झाली, उन्हं कलली, ती उठली नाही. मी पोरांकडून बेरजा करून घेतल्या, वजाबाक्या करून घेतल्या, कविता पाठ करून घेतली. गेलो नाही.

त्याच आठवड्यात मी बदलीचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, प्रकृती मानवत नाही. सरकारनं या अर्जाला मात्र लगेच उत्तर दिलं, आणि पावसाळ्याच्या आत मी सिंदेवाहीला परतलो. त्या पावसाळ्यात म्हातारीच्या ढोलीत मोह नव्हता. दिवाळीनंतर त्या बाजूचा एक माणूस बाजारात भेटला, त्याला विचारलं. त्यानं मिठाची पुडी कमरेला खोचली आणि वाटेला लागला. पुढच्या बाजाराला मला शोधत आला आणि मग सांगितलं, की ती भादव्यात गेली. शेवटपर्यंत दारापुढची घोंगडी तिनं उचलू दिली नव्हती.